मलंगच्या आभाळातली विमाने

विमाने पाहणे, त्यांची जात ओळखणे, अंगावरचा नोंदणी क्रमांक टिपणे आणि जमल्यास फोटो काढणे हा छंद बहुतेक लोक सुखवस्तू माणसांच्या फुरसतीच्या खात्यात टाकतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला, आल्प्सच्या दरीत उतरणाऱ्या विमानांची छायाचित्रे पाहिली की हा समज आणखी पक्का होतो. मला तो चुकीचा वाटतो. हा छंद फुरसतीतून आलेला नाही. सामान्य माणसाच्या नजरेवर सरकारने एका अडचणीच्या वेळी विश्वास टाकला, त्या विश्वासातून तो आला. आणि जिथे तो विश्वास टाकला गेला नाही, तिथे विमाने असूनही छंद रुजला नाही. हे तपासायला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. युद्ध, धावपट्टी, डोंगर, आभाळ असे छंदाला लागणारे सगळे साहित्य इथे होते.

या छंदाचे कूळ शोधायचे तर ब्रिटनमध्ये जावे लागते. तिथे १९२५ साली ऑब्झर्व्हर कोअर नावाची नागरी संघटना उभी राहिली. गावोगावचे शिक्षक, दुकानदार, शेतकरी टेकडीवरच्या चौकीत आळीपाळीने बसत आणि आभाळात काय दिसले ते टेलिफोनवरून कळवत. दुसरे महायुद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले होते तेव्हा, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन विमाने पाडली. आपले कोणते आणि परके कोणते हे खुद्द वैमानिकांनाही कळत नव्हते. मग ओळखण्याची कला हीच युद्धसामग्री ठरली. जानेवारी १९४१ पासून ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे साप्ताहिक निघू लागले. त्यात शत्रूच्या आणि आपल्याही विमानांच्या काळ्या छायाकृती छापलेल्या असत, आणि शाळकरी पोरे त्या पाठ करत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संघटनेच्या नावाला ‘रॉयल’ची जोड मिळाली. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर दोस्तांच्याच तोफांनी दोस्तांची २३ वाहतूक विमाने एका रात्रीत पाडली. त्यानंतर नॉर्मंडीच्या स्वारीत जहाजांवर या संघटनेतले ७९६ स्वयंसेवक नेमले गेले. तोफ डागायची की नाही हे ठरवण्याआधी तोफखान्याचा अधिकारी या नागरी माणसाचे मत विचारू लागला. युद्ध संपल्यावर चौक्या ओस पडल्या, पण एका पिढीच्या डोळ्यांना लागलेली सवय गेली नाही. तीच पुढे पेन्सिल-वही घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी उभी राहिली.

ही सवय नेमकी कसली, हे जवळून पाहण्यासारखे आहे. अमेरिकी आरमारात आधी पंख, इंजिन, धड आणि शेपूट अशा क्रमाने विमान तपासायला शिकवत. या पद्धतीत वेळ जाई. ओहायोतले मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांनी पडद्यावर क्षणभर चित्र चमकवून ते अखंड ओळखायचा सराव दिला आणि तो जास्त उपयोगी ठरला. जाणकार आजही तसेच पाहतो. बोइंग ७३७ च्या शेपटीच्या मुळाशी पाठीवर एक तिरकी चढण असते, ती एअरबस ए३२० ला नसते. ड्रीमलायनरचे पंख उडताना धनुष्यासारखे वर वाकतात आणि इंजिनाची मागची कड करवतीसारखी दातेरी असते. बोइंग ७७७ च्या मुख्य चाकांच्या दोन्ही संचांत सहा-सहा चाके असतात. सरावलेला माणूस हे एकेक करून मोजत बसत नाही. ओळखीच्या माणसाला चालीवरून ओळखावे तसे त्याला विमान कळते, आणि कारण विचारले तरच तो शेपटीचा मुद्दा सांगतो.

आता आपल्याकडे येऊ. त्याच युद्धाने या पट्ट्याचा नकाशा नव्याने काढला. कल्याणजवळ सैनिकांची प्रचंड छावणी वसली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. आजही तिथला पत्ता कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आला. आणि अंबरनाथच्या नैर्ऋत्येला, मलंगगडाच्या समोरच्या सपाटीवर, नेवाळी आणि आसपासच्या गावांची १,६०० एकरांहून अधिक जमीन १९४२-४३ च्या सुमारास घेऊन विमानांची धावपट्टी बांधली गेली. एका बाजूला मलंगचा उभा कडा, त्याला लागून बदलापूरच्या माथ्यावर ताहुली आणि चंदेरीचे सुळके, आणि पायथ्याशी भातखाचरांत अंथरलेली धावपट्टी. आल्प्समधल्या विमानतळाशी नाते सांगणारी याहून जवळची जागा मुंबईच्या परिसरात नव्हती. पण इथल्या माणसाच्या हातात छायाकृतींचे पान कोणी दिले नाही. त्याच्याकडून जमीन घेतली, मजुरी घेतली. त्याच्या नजरेची गरज कुणाला वाटली नाही.

यावर पहिला आक्षेप असा की इथे गरजच नव्हती. जपानी बॉम्ब एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर पडले, त्याच डिसेंबरात कलकत्त्यावर पडले. मुंबईकडे शत्रूचे विमान फिरकले नाही. हिंदुस्थानातही ऑब्झर्व्हर कोअर स्थापन झाली होती, पण तिचा रोख पूर्वेकडे होता. हे खरे आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते पूरकच आहे: गरज पडली तिथे नजर शिकवली गेली. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. तो म्हणतो की बारकाईने पाहून नोंद ठेवण्याचा पिंडच आपला नाही. याला उत्तर १९४१ सालीच मिळालेले आहे. त्या वर्षी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध केले. शेपटी, चोच, उडण्याची ढब यांवरून पक्षी ओळखायला शिकवणारे ते पुस्तक पिढ्यानपिढ्या वापरले गेले, आणि आज महाराष्ट्रात असा तालुका शोधावा लागेल जिथे दुर्बीण घेऊन माळावर जाणारे कोणी नाही. पाखरू ओळखणाऱ्या डोळ्याला विमान जड गेले नसते. फरक एवढाच की पाखराकडे पाहायला परवानगी लागत नव्हती.

परवानगीची गोष्ट १९३७ च्या विमान नियमांत आहे. त्यातल्या तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून फोटो काढायला बंदी घातली. स्वातंत्र्यानंतरही नियम राहिला. प्रवाशाला विमानाच्या आतून चित्रण करण्याची सवलत मिळायला डिसेंबर २००४ उजाडावे लागले, आणि २०२० साली विमान वाहतूक महासंचालनालयाने पुन्हा त्याच नियमाची आठवण करून दिली. न्यायाने बोलायचे तर युद्धकाळात ब्रिटनमध्येही लष्करी तळांचे फोटो काढता येत नसत. पण तिथे कॅमेरा अडवला तरी डोळ्याला आवतण होते. आपल्याकडे दोन्ही एकाच संशयात सापडले. २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात राहून विमानांची नोंद ठेवणाऱ्या दोन ब्रिटिश छांदिष्टांना अटक झाली, ती या संशयापोटीच. हा रोग आपल्यापुरता नाही, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटर पकडले गेले, हेरगिरीच्या प्रकरणात दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी अपिलात सुटले.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. मुंबईने जे सोसले आहे ते पाहता विमानतळाच्या भिंतीशी लांब भिंग घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची चौकशी होणे रास्तच आहे. पण आज नागरी विमान स्वतःच आपला क्रमांक, उंची आणि वेग रेडिओवरून सतत जाहीर करत असते आणि कोणाच्याही मोबाइलवर ते उमटते. अशा वेळी वहीत क्रमांक लिहिणाऱ्याला अडवून कोणते गुपित वाचते? उलट रोज तेच आभाळ पाहणाऱ्याला वेगळे काही घडले तर ते सर्वांत आधी खटकते. टेकडीवरच्या त्या चौक्या याच हिशेबाने बसवल्या होत्या.

सर्वांत अवघड आक्षेप नेवाळीच्या शेतकऱ्याचा आहे. युद्धापुरती म्हणून घेतलेली जमीन परत मिळायला हवी होती, असे तो म्हणतो. जमीन आमचीच, असे नौदल म्हणते. कुंपणभिंतीच्या कामावरून हा वाद २२ जून २०१७ रोजी पेटला, पोलिसांच्या गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली. ज्या धावपट्टीने घराण्याचे भाताचे शेत गिळले तिच्याकडे तो कौतुकाने कसा पाहील? पाहणार नाही, आणि त्याने पाहावे असे मी म्हणणार नाही. छंद कुंपणाबाहेर उभा राहून करायचा असतो. इथे कुंपणाने ज्याला बाहेर काढले तोच बाहेर उभा आहे. सरकार आणि रहिवासी यांच्यातला जो विश्वास नजरेच्या बाबतीत घडला नाही, तो जमिनीच्या बाबतीत तर मोडलाच.

तरीही या आभाळाचा एक योग अजून शिल्लक आहे. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीची रेघ पूर्वेकडे वाढवली तर ती घाटकोपर, खाडी आणि नवी मुंबई ओलांडून मलंगच्या डोंगराच्या आसपास येते. वारा समुद्राकडून वाहतो तेव्हा पूर्वेकडून उतरणारी विमाने रांग धरतात ती या भागात, काही हजार फुटांवर. इन्सब्रुकला छायाचित्रकार ज्यासाठी दरीच्या उतारावर चढतात तो कोन, म्हणजे विमान डोक्यावर नसून जवळजवळ समोर आणि मागे डोंगर, तो इथे पूर्ण नाही तरी बराचसा मिळू शकतो. तिकडे हिवाळी शनिवारी स्कीसाठी येणाऱ्या चार्टर विमानांची गर्दी असते, गार हवेत उष्णतेची थरथर कमी असते आणि बर्फावरून उसळलेला उजेड विमानाचे पोट उजळतो. इकडे बर्फ नाही, पण पाऊस सरल्यावर धुतलेल्या हवेचे काही आठवडे मिळतात, सकाळचे ऊन पाठीशी घेऊन पश्चिमेकडे जाणारे विमान टिपता येते. मार्चनंतर धुरकट उकाड्यात तेच विमान राखाडी डाग होते. १९३७ चा नियम विमानतळावरच्या आणि विमानातल्या कॅमेऱ्यापुरता आहे. डोंगरावरून आभाळाकडे रोखलेल्या भिंगाला त्यात बंदी नाही. मलंगच्या पायऱ्या सर्वांना मोकळ्या आहेत. भिंग खाली, नौदलाच्या ताब्यातल्या जमिनीकडे वळवायचे नाही एवढे पथ्य पाळले, तर अंबरनाथ-बदलापूरच्या पोरांना हा छंद उद्या सकाळीच सुरू करता येईल.