मराठी साहित्य व मनोरंजनातील शिवराळ भाषा

कथा, कादंबरी, कविता, नाटक, चित्रपट व वेबमालिका यांत निवेदनात किंवा पात्रांच्या तोंडी येणाऱ्या शिव्या, अपशब्द आणि ग्राम्य उद्गार यांना एकत्रितपणे शिवराळ भाषा असे म्हणतात. शिवीचा शब्दार्थ सहसा शरीर, लैंगिक संबंध किंवा नातेसंबंध यांच्याशी निगडित असतो. उच्चारणाऱ्याचा हेतू मात्र बहुधा राग, वैताग, तुच्छता किंवा सलगी व्यक्त करण्याचा असतो. शब्दार्थ आणि हेतू यांतील ही तफावत या विषयावरील अनेक साहित्यिक व न्यायालयीन वादांच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

लोकव्यवहारात शिवीला काही प्रसंगी मान्यता होती. होळीच्या सणात बोंब मारण्याची व शिव्या देण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ होती. त्यावरूनच ‘शिमगा करणे’ हा वाक्प्रचार आला. छापील मराठी साहित्याची भाषा मात्र दीर्घकाळ शिष्टसंमत राहिली.

साहित्य

१९६०च्या दशकात लघुनियतकालिकांच्या चळवळीने या संकेतांना आव्हान दिले. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या पुस्तकात मुंबईतील नाक्यावरच्या तरुणांची बोली जशीच्या तशी आली. आचार्य अत्रे यांनी त्यावर कठोर टीका केली. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ मध्ये विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. कामाठीपुरा परिसरातील जीवन मांडताना ढसाळांनी तेथील शब्दही कवितेत आणले. दलित साहित्यात अशी भाषा अनेकदा सामाजिक अपमानाची नोंद म्हणून येते.

रंगभूमी

महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकातील नायक नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना घरी आणून ठेवतो. त्याच्या संवादांत शिव्या आहेत. नाटकाचा विषय, प्रसंग व भाषा यांवर आक्षेप घेऊन प्रयोगांना अटकाव करण्यात आला. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली व निकाल नाटकाच्या बाजूने लागला. या लढ्याची हकीकत सारंग यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात सांगितली आहे. नाटकात सखारामची भूमिका निळू फुले यांनी आणि चंपाची भूमिका लालन सारंग यांनी केली होती.

चित्रपट व वेबमालिका

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने २०१५ मध्ये निषिद्ध शब्दांची यादी काढली; विरोधानंतर तिची अंमलबजावणी थांबवण्यात आली. ‘उडता पंजाब’ (२०१६) या हिंदी चित्रपटासाठी मंडळाने सुचवलेल्या काटछाटीत अपशब्दांचाही समावेश होता. मुंबई उच्च न्यायालयाने केवळ एक दृश्य वगळून चित्रपटाला परवानगी दिली. वेबमालिकांना या मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यांना २०२१च्या नियमांनुसार वयोगटाचे वर्गीकरण दर्शवावे लागते.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने ‘रणजित उदेशी’ खटल्यात (१९६४) ब्रिटिशकालीन ‘हिकलिन कसोटी’ स्वीकारली होती. समरेश बसू यांच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीच्या खटल्यात (१९८५) न्यायालयाने असभ्यता आणि अश्लीलता यांत भेद केला. ‘अविक सरकार’ खटल्यात (२०१४) हिकलिनऐवजी समकालीन सामाजिक मापदंडांची कसोटी मान्य झाली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या खटल्यात (२०१५) ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातल्यास हा मापदंड अधिक काटेकोरपणे लावावा, असे न्यायालयाने म्हटले. ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेविषयीच्या निकालात (२०२४) केवळ शिव्या आहेत म्हणून आशय अश्लील ठरत नाही, असे स्पष्ट करण्यात आले.

अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी जातीवरून शिवीगाळ करणे हा मात्र स्वतंत्र कायद्याखालील गुन्हा आहे.

मतभेद

समर्थकांच्या मते पात्राची बोली सोज्वळ केल्यास त्याचे वास्तवही खोटे ठरते. विरोधकांचा एक आक्षेप अभिरुचीचा व मुलांवरील परिणामाचा असतो. बहुतेक शिव्या आई-बहिणीवरून असल्याने त्यांच्या सततच्या वापराने स्त्रीविषयीचा अनादर रुळतो, हा आक्षेप स्त्रीवादी दृष्टिकोनातून घेतला जातो. ‘सखाराम बाइंडर’सारख्या कलाकृतीत त्याच शिव्या पुरुषी हिंसेचे दर्शन घडवतात. त्यामुळे शिवी कोण, कोणाला व कोणत्या प्रसंगी देतो, हे तपासल्याशिवाय तिचे मूल्यमापन करता येत नाही.