लग्नाचे कर्ज

तरुण सभासद कसे मिळवायचे, या प्रश्नावर पतसंस्थांची चर्चा बहुधा मोबाइल ॲपपाशी येऊन थांबते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीचा इतिहास वेगळेच सांगतो. तरुणाला पहिली मोठी रक्कम लागते त्या वेळी जो ती देतो, त्याच्याशीच तो बांधला जातो. तिथल्या वारली आदिवासी तरुणाला ही रक्कम लग्नासाठी लागे. मुलीचे देज म्हणजे वधूमूल्य, ताडी, वऱ्हाडाचे जेवण, लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान, एवढे सगळे भाताच्या पिकातून निघत नसे. जमीनदार शंभर-दोनशे रुपये देई आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनाही राबायला ठेवून घेई. हे 'लग्नगडी'. वर्षानुवर्षे राबूनही मुद्दल फिटत नसे, कारण हिशेब मालकाचा आणि ऋणको निरक्षर. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने या गुलामीची सरकारदरबारी नोंद केली, पण ती मोडली चळवळीने. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, २३ मे रोजी झरीच्या सभेत वेठ बंद करण्याचा निर्धार झाला, आणि मग गावोगाव लग्नगडी मोकळे होत गेले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि आदिवासींना प्राण गमवावे लागले. चळवळीच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक या लढ्याची साक्ष देते.

वेठ गेली, लग्नाची गरज मात्र राहिली. ती भागवायला सहकार पुढे यायला हवा होता. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ पासून होता. पण सोसायटीचे पीककर्ज जमिनीवर मिळे, आणि वारली बहुतेक कूळ किंवा मजूर, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. देशभरातच १९५१-५२ च्या पाहणीत ग्रामीण कर्जातला सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. १९४७ पासूनच्या जंगल कामगार सोसायट्यांनी ठेकेदार दूर सारून काम दिले, आणि ते थोडे नव्हे. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ आले, पुढे पावसाळ्यासाठी खावटी कर्जही आले. पण खावटी कुटुंबाला, पीककर्ज खातेदाराला. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने सोसायटीत जायला कारणच उरले नाही.

लग्न हा अनुत्पादक खर्च, त्यासाठी सभासदांच्या ठेवी का वापरायच्या, हा आक्षेप गंभीर आहे. पण कर्ज नाकारल्याने खर्च टळत नाही. इथे कित्येक जोडपी पैशाअभावी लग्नाविना संसार करतात, मुले झाल्यावर सामुदायिक विवाहात उभी राहतात. आणि पालघर जिल्ह्यातले मजूर आजही वीटभट्टीमालकाकडून बयाणा उचलतात, तो कामातून फेडतात. म्हणजे कर्ज होतेच, फक्त त्याच्या अटी मालक ठरवतो. दुसरा आक्षेप तारणाचा. जमीन नाही, पगार नाही, मग वसुली कशावर? त्याचे उत्तर बचत गटांनी दिले आहे. १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून सातबारा नसलेल्या बायका एकमेकींच्या भरवशावर आजारपणाला, शाळेला, लग्नालाही पैसे देतात, आणि दर महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर हप्ता मोजून घेतात. लग्नाच्या दोन वर्षे आधीपासून तरुण-तरुणींकडून अशीच दरमहा बचत घेऊन, तिच्या पटीत आणि दोन सभासदांच्या जामिनावर कर्ज देणे कोणत्याही पतसंस्थेला जमण्यासारखे आहे. त्यासाठी आधी खाते त्यांच्या स्वतःच्या नावाने उघडावे लागेल.