साष्टांग आणि गडाबडा

हल्ली कोणी पूर्ण शब्द लिहीत नाही, सारा मामला आद्याक्षरांवर भागवला जातो, ही तक्रार गेली वीस-पंचवीस वर्षे आपण ऐकत आलो आहोत. गंमत अशी की ही तक्रार करणाऱ्या पिढीने स्वतः आयुष्यभर 'ती. बाबांस, सा. न. वि. वि.' अशाच अक्षरांनी पत्रांचा आरंभ केला होता. 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हा त्यांचा उलगडा शाळेत पत्रलेखनाच्या तासाला एकदा व्हायचा. पुढे ती अक्षरे नुसती लिहिली जात आणि नुसती ओलांडली जात.

ही लघुरूपे केवळ शाई वाचवण्यासाठी नव्हती. वडीलधाऱ्यांना 'सा. न. वि. वि.', बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार, आणि धाकट्याला 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. 'सा' आणि 'स' यांत फरक एका कान्याचा. पण तेवढ्या कान्यावरून पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातले अंतर ठरत असे. पत्र उघडताच, मजकुराला हात घालण्यापूर्वी, आपण एकमेकांच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कळत असे.

ही रीत मोडी दफ्तरांपर्यंत मागे जाते. कारकुनाला दिवसभरात कितीतरी कागद उतरवायचे असत. त्यामुळे वारंवार येणाऱ्या शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे उभ्या रेघा ओढायच्या, हा त्याचा परिपाठ. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'रा॥ रा॥' म्हणजे राजमान्य राजेश्री. तारखेच्या आधी येणारा एकटा 'छ' म्हणजे चंद्र: मुसलमानी चांद्रमासाचा दिवस सांगणारी ती खूण. त्याच उभ्या रेघा आकड्यापुढे आल्या की अर्थ बदले. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. '५॥' म्हणजे साडेपाच. कारकुनाला यांत गोंधळ वाटत नसे, कारण वाचणाराही त्याच मुशीतला होता. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण नेमकी इथे सुरू होते. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा मोडी वाचणारे घरोघर होते. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत आणि मोडी जाणणारे थोडे. लिपी काही महिन्यांत शिकता येते. पण उभ्या रेघेमागे कोणता शब्द दडला आहे हे कळायला त्या काळाचा व्यवहार ठाऊक असावा लागतो. जे सर्वांना माहीत होते तेच लिहिण्यातून वगळले गेले, आणि म्हणून तेच आज सर्वांत अनोळखी झाले आहे.

लघुरूपाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सुखद नाही. लग्नपत्रिकेत वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' येई आणि पुढे 'सौ.', पती गेला की त्याच नावामागे 'गं. भा.' लागे. 'गंगा भागीरथी' हे संबोधन पूर्ण उच्चारले असते, तर या पवित्र नद्यांच्या नावाखाली आपण एका बाईला कुठे नेऊन बसवतो आहोत, याचा विचार कदाचित मनात आला असता. दोन अक्षरांनी ती तसदीही वाचवली. २०२३ साली महाराष्ट्र शासनाच्या पातळीवर 'विधवा' या शब्दाऐवजी हेच संबोधन वापरण्याची सूचना पुढे आली, तेव्हा तिला तीव्र विरोध झाला. झाकलेला शब्द उघडा केल्यावरच त्याचे वजन कळले, असे म्हणता येईल.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. रोमन लोक पत्राच्या आरंभी, 'तू कुशल असशील तर उत्तम, मी कुशल आहे' हे लॅटिन वाक्य सहा आद्याक्षरांत लिहीत. पहिल्या शतकातला सेनेका या वाक्याचा उल्लेख जुन्यांची चाल म्हणून करतो. आज ज्याला इंटरनेटची भाषा म्हणतात, तिचेही धागे असेच मागे जातात. 'ओ. एम. जी.' हे लघुरूप नौदलप्रमुखपदी राहिलेल्या लॉर्ड फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ रोजी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. तिथे फिशर यांनी लगेच कंसात त्याचा उलगडाही दिला आहे. मोठ्याने हसल्याची खूण असलेले 'एल. ओ. एल.' १९८० च्या दशकात संगणकांवरून गप्पा मारणाऱ्यांत रुळले, आणि २०११ साली ही दोन्ही ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात दाखल झाली.

मराठी माणूस या नव्या फडावर आला तो १९९६ मध्ये 'मायबोली'वर, मग २००४ मध्ये 'मनोगत'वर आणि २००७ मध्ये 'मिसळपाव'वर. तिथे त्याने इंग्रजी लघुरूपे घेतली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. खासगी निरोपाला 'व्यनि', म्हणजे व्यक्तिगत निरोप, खरडवहीला 'खव'. हसण्यासाठी 'हहपुवा', म्हणजे हसून हसून पुरेवाट. त्याहून अनावर झाले तर 'हहगलो', म्हणजे हसून हसून गडाबडा लोळण. या शेवटच्यावर इंग्रजी 'रोफल'ची सावली आहे हे उघड आहे. पण 'गडाबडा' हा शब्द आपल्याच अंगणातला आहे.

आता ही दोन लघुरूपे शेजारी ठेवून पाहावीत. साष्टांग नमस्कार म्हणजे आठही अंगे भुईला टेकवणे. गडाबडा लोळणे हेही भुईवरच. 'सा. न.' लिहिणारा लेखणी खाली ठेवून जमिनीवर आडवा पडत नव्हता, आणि 'हहगलो' लिहिणारा खुर्चीवरून हलत नाही. कागदावरून किंवा पडद्यावरून देह पाठवता येत नाही. म्हणून देहाची खूण पाठवायची, तीही घडी घालून. दोन्हींचे काम एकच.

फरक आहे तो कशाची खूण पाठवावीशी वाटते यात. जुन्या पत्रात नाते ठरलेले असे आणि लघुरूप त्या नात्याला मान देई. नव्या फडावर समोरचा टोपणनावाने वावरतो. त्याचे वय, गाव, जात, कित्येकदा तो पुरुष आहे की स्त्री, हेही ठाऊक नसते. 'सा', 'स' आणि 'अ' यांपैकी काय लिहावे हे ठरवायला तिथे आधारच नाही. पायरी गेली ही गोष्ट चांगलीच झाली, 'गं. भा.'सारखे शिक्के तिथे आपोआप गळून पडले. पण पायरीबरोबर चेहराही गेला, आणि थट्टा कोणती व अपमान कोणता हे कळेनासे झाले. तेव्हा 'ह. घ्या.' हे लघुरूप रूढ झाले: हलके घ्या. मला ते 'वि. वि.'चे थेट वारस वाटते. ती विनंतीच आहे, फक्त वाकून केलेली नाही. तिचा गैरवापरही झालाच. मनाला लागेल असे लिहून शेवटी 'ह. घ्या.' जोडणारे महाभाग होतेच. पण पैशाचा तगादा लावणारी जुनी पत्रेदेखील नमस्कारानेच सुरू होत असत.

दफ्तरातल्या कागदांना वाळवी लागते, तरी ते शतकानुशतके टिकले. संकेतस्थळावरची पाने एका रात्रीत नाहीशी होऊ शकतात. ती उरली तरी 'खव' म्हणजे काय हे सांगणारा कोणी असेलच असे नाही. मोडीच्या बाबतीत आपण उशिरा जागे झालो. ज्या कारकुनांना सारे पाठ होते, त्यांना कोणी विचारलेच नाही. या लघुरूपांचे कारकून आपणच आहोत आणि अजून हयात आहोत. एखाद्या वहीत डावीकडे अक्षरे आणि उजवीकडे त्यांचा अर्थ, एवढे लिहून ठेवले तरी पुढच्या राजवाड्यांचे काम थोडे सोपे होईल.