दिनविशेष : ५ मे
लाहोर, ५ मे १९०१. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी या दिवशी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ते एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकवर्गणी आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालले. बुवांनी पुढे छापखाना घातला, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिकही काढले.

शाळेची आठवण सगळेच काढतात. मासिकाची फारशी कुणी काढत नाही. खरे तर चिजा घराबाहेर जाऊ न देण्याच्या त्या काळात गाण्याविषयी छापणे हेच धाडस होते. बुवांच्या पश्चात शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. मंडळाच्या ‘संगीत कला विहार’मध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी गवयांच्या तालमी, लहरी, हेवेदावे लिहून ठेवले. नाहीतर ते सारे बैठकीतल्या गप्पांबरोबरच विरले असते.

आजही कंधार-नांदेडकडचे पोर हातावर टाळी-खाली दाखवत तीनताल म्हणते, ते बहुधा याच मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेसाठी. परीक्षा गावोगाव पोचल्या, लेखणी तितकी पोचली नाही. मराठवाड्यातल्या भजनी मंडळांच्या पेटीवाल्यांना आणि पखवाजींनाही एखादा देवधर मिळायला हवा.