नेसल, नीड आणि आमची नात

आमची आठ वर्षांची नात मराठी समजते, पण बोलत नाही. "आजी, ती तुझी भाषा," म्हणते आणि उत्तर इंग्रजीत देते. गेल्या हिवाळ्यात गृहपाठाची वही घेऊन आली. 'नेसल' या क्रियापदाचं वाक्य हवं होतं. (मधला 'टी' मुका. मला आधी वाटलं, कुणी साडी नेसली!) अर्थ विचारला, तर माझ्या शालीत शिरली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. "असं!" शब्दकोशाला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

इंग्रजीत गावंसुद्धा डोंगरात 'नेसल' होतात. आपण नाही का 'डोंगराच्या कुशीत वसलेलं गाव' म्हणत?

ती झोपल्यावर मी शब्दामागे लागले. जुन्या इंग्रजीत 'नेस्टलियन' म्हणजे घरटं बांधणं. ऊब धरून बसणं हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. मूळ शब्द 'नेस्ट', आणि तो आपल्या संस्कृत 'नीड'चा सख्खा भाऊ! 'नि' म्हणजे खाली, 'सद्' म्हणजे बसणं. संस्कृतात मधला 'स' गळाला, पण जाताना 'नि' दीर्घ करून गेला, 'द'चा 'ड' झाला. तिकडे 'स' टिकला आणि 'द'चा 'ट' झाला, जसं द्वि आणि टू, दश आणि टेन. याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडलेला हा नियम. हो, परीकथावाला ग्रिम तोच. 'उपनिषद' शब्दातही हेच 'नि' आणि 'सद्' बसले आहेत.

दुधाच्या डब्यावरचं घरटंही यातलंच. फ्रँकफुर्टला १८१४ साली जन्मलेला हाइनरिश नेस्ले स्वित्झर्लंडला स्थायिक झाला आणि तिथल्या फ्रेंच वळणानं 'आन्री' झाला. त्याच्या बोलीत आडनावाचा अर्थ छोटं घरटं. घराण्याच्या चिन्हातलं ते घरटं त्यानं १८६८ मध्ये आपल्या मालाची खूण केलं. नाव बदललं, घरटं ठेवलं! आपल्यातही सुधीरचे 'सॅम' झालेले आहेतच की.

सकाळी नातीला हे सगळं सांगितलं. आन्रीत तिला रस नव्हता. पण 'नीड' ऐकून थांबली.

"म्हणजे माझ्या टीचरचा शब्द तुझ्याकडे पण आहे?"

"आधीपासून."

वाक्याखाली तिनं पेन्सिलीनं देवनागरीत 'नीड' लिहिलं. 'ड' उलटा काढला. मी तसाच राहू दिला.