पाखरांचे इस्पितळ

दिल्लीचा इतिहास सांगू लागले म्हणजे तो बहुधा तख्तांचा आणि तलवारींचा होऊन बसतो. आपणा मराठी माणसांच्या मनातील दिल्लीही याच जातीची आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवले आणि सैन्याचा खर्च भागवला. पुढे महादजी शिंद्यांनी बादशहाला आपल्या छायेखाली घेतले. या दोन आठवणींवर आपली दिल्ली उभी असते. परंतु त्याच लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजातून बाहेर पडावे, रस्ता ओलांडावा आणि चांदणी चौकाच्या तोंडाशी उभे राहावे, म्हणजे समोर लाल दगडाचे एक दिगंबर जैन मंदिर दिसते. लोक त्याला लाल मंदिर म्हणतात. त्याच्या आवारात एक इमारत आहे आणि तिच्यात केवळ पाखरांवर उपचार होतात. राजधानीच्या इतिहासग्रंथांत तिला ओळभर जागा मिळाली तरी पुष्कळ. आज मला तिच्याविषयी आणि तिच्या निमित्ताने एका फार जुन्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

या धर्मादाय पक्षी-रुग्णालयाचा आरंभ १९२९ साली जवळच्याच किनारी बाजारात झाला. जरीच्या किनारी, गोटे आणि लग्नातले हार विकणारा हा अरुंद बाजार. तेथून ते १९५६-५७ च्या सुमारास लाल मंदिराच्या आवारात आले. या कामामागे आचार्य देशभूषण महाराजांची प्रेरणा होती आणि येथे आपल्याला थोडे थांबावेसे वाटते. कारण हे आचार्य मूळचे बेळगाव जिल्ह्यातील कोथळीचे, म्हणजे मराठी आणि कानडी एकाच अंगणात बोलल्या जाणाऱ्या मुलखातले. पायी फिरणारा एक दिगंबर साधू कृष्णाकाठच्या प्रदेशातून निघतो, यमुनाकाठी येतो आणि त्याच्या शब्दावर दिल्लीचे व्यापारी पारव्यांसाठी इमारत उभी करतात, ही घटना मला पानिपताइतकी मोठी वाटत नाही हे खरे. पण तिच्याइतकी विसरण्याजोगीही वाटत नाही.

येथे येणारे रोगी कोण? बहुतेक पारवे. त्यांच्या मागोमाग पोपट, होले, चिमण्या, मोर. उन्हाळ्यात घराघरांतील छताचे पंखे फिरू लागले की पंख तुटलेली कबुतरे येतात. लू वाहू लागली की तहानेने कोसळलेली येतात. आणि पतंगांच्या दिवसांत मांजाने कापलेली येतात. आणणारा कोण, कोणत्या जातीचा, हे कोणी पुसत नाही. पैसा घेत नाहीत. मात्र एक अट आहे आणि ती मला फार आवडते. बरा झालेला पक्षी पुन्हा पिंजऱ्यात जात नाही. आणणाऱ्याने तो कितीही हौसेने पाळलेला असो, पंखात बळ आले की त्याला मोकळ्या आकाशात सोडून देतात. आपला पोपट परत न्यावयाचा या आशेने आलेल्या मालकाला हा व्यवहार थोडा कडू लागत असेल. पण रोग्याच्या बाजूने पाहू गेल्यास याहून उदार औषधोपचार कोणता?

दुसरीही एक अट आहे आणि ती अधिक अवघड आहे. आत ठेवून घेतले जातात ते दाणे, फळे खाणारे पक्षी. घार, ससाणा, घुबड असा मांसाहारी पक्षी आला तर मलमपट्टी करून परत पाठवावयाचे, अशी येथली परंपरा. ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते, मग राग येतो. जखमेला कसला आलाय आहार? पण क्षणभर त्या वैद्याच्या जागी उभे राहून पाहावे. घार आत ठेवावयाची म्हणजे तिला रोज मांस घालावे लागणार. एक जीव वाचवण्यासाठी दुसरा जीव मारून आणणे, हे ज्यांनी अहिंसा हे परम व्रत मानले त्यांच्या हातून होणे नाही. मूर्खपणा नाही हा. हा एक धर्मसंकटाचा प्रसंग आहे, आणि तो काल-परवाचा तर मुळीच नाही.

किती जुना, हे पाहण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. लाल मंदिरापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर फिरोजशहा कोटला आहे. त्या भग्न किल्ल्यातील एका पायऱ्यापायऱ्यांच्या वास्तूवर गुळगुळीत दगडाचा उंच स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो आजच्या हरियाणातील टोपरा गावाहून आणवला. त्याच्या दरबारच्या बखरकाराने या प्रवासाचे मोठे चविष्ट वर्णन लिहून ठेवले आहे : खाली कापसाचे ढीग अंथरून खांब अलगद निजवला, बोरू आणि चामडे यांनी गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून नावांवरून दिल्लीला आणला. जखमी पाखरालासुद्धा कोणी इतके जपून आणणार नाही! सुलतानाने पंडित बोलावले, पण खांबावरची अक्षरे कोणालाच लागेनात. ती लागली १८३७ साली, जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले तेव्हा. आणि मग कळले की बोलतो आहे तो अशोक.

त्या स्तंभावरील पाचवा लेख अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरवला. त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. आरंभीच पोपट आणि मैना. मग चक्रवाक आणि हंस. पुढे वटवाघूळ, कासव, गेंडा असे नाना जीव येतात, आणि त्यांतच पांढरे पारवे आणि गावातले पारवे हे दोन वेगवेगळे सांगितले आहेत. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत गावठी पारव्याचे नाव असावे आणि त्या आज्ञेच्या दगडापासून मैल-दीड मैलावर आज त्याच पारव्याच्या पंखाला पट्टी बांधली जावी, हा योगायोग म्हणा; स्तंभ मुळी येथला नाही, हेही खरे. पण त्याच लेखात पुढे एक चार शब्दांची आज्ञा आहे. तिचा आशय असा की, जिवाने जीव पोसू नये. म्हणजे लाल मंदिराच्या दारात घार घेऊन येणाऱ्या माणसाला आज जो प्रश्न पडतो, त्याचे एक उत्तर कोटल्याच्या दगडावर आधीच लिहिलेले आहे. ते पुरेसे उत्तर आहे काय, हा भाग निराळा. सम्राटाने आज्ञा केली म्हणून ससाणा काही भात खाणार नाही.

अशोकाने माणसांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे गिरनारच्या शिलालेखात म्हटले आहेच. त्यानंतर मधली शतके ओलांडून आपण एकदम खंबायतला येतो. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाले हा इटालियन प्रवासी तेथे आला आणि त्याने पाखरांचे इस्पितळ पाहिले. मोडक्या पंखांचे, लंगडे, आजारी पक्षी. आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, नाकावर चष्मा चढवून, कापसात ठेवलेल्या उंदराच्या पोरक्या पिल्लांना पिसाने दूध पाजीत बसलेला. युरोपीय प्रवाशांनी आपल्याकडील कितीतरी गोष्टींना नाके मुरडली. हे दृश्य मात्र त्याने मनापासून टिपून ठेवले. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा पारशी आणि जैन रस्त्यावर उतरले, दंगा झाला, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे गुजराती सहकारी यांनी पांजरापोळ उभारली. दिल्लीचे इस्पितळ या कुळातलेच. फक्त त्याने आपला रोगी एकच निवडला.

आता त्या घारीकडे वळू. दिल्ली हे घारींचे शहर आहे. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्या हजारोंनी घिरट्या घालतात. जुन्या दिल्लीतील मुसलमान वस्तीत घारींना मांसाचे तुकडे उडवून घालण्याची रीत आहे. त्याने पुण्य लाभते, संकट टळते, अशी श्रद्धा. याच श्रद्धेत वाढलेले दोन भाऊ, नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद, यांना तरुणपणी एक जखमी घार सापडली. ती घेऊन ते पक्ष्यांच्या इस्पितळात गेले, तेव्हा मांसाहारी म्हणून तिला घेतले गेले नाही. गोष्ट मनात राहिली. २००३ पासून त्यांनी आपल्या घरीच घारींवर उपचार आरंभले. धंदा साबणदाण्या तयार करण्याचा. हत्यारे, औषधे, बांधलेल्या पंखाला टाका कसा घालावयाचा याचे ज्ञान, सारे हळूहळू जमवले. २०१० मध्ये संस्था स्थापन झाली, आणि वजीराबादच्या त्या घरातून आजवर वीस हजारांहून अधिक पक्षी गेले. शौनक सेन यांनी त्यांच्यावर काढलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा चित्रपट २०२२ साली कान येथे गौरवला गेला, तेव्हा बाहेरच्या जगाला हे कळले. जैनांच्या व्रताने जेथे हात आखडला तेथे मुसलमानांच्या पुण्यकल्पनेने हात पुढे केला. यात कोणी कोणाचा पराभव केला असे मला वाटत नाही. एकाच शहरात, दोन-तीन कोसांच्या अंतरावर, पारव्याला एक दार आहे आणि घारीला दुसरे आहे.

दोन्ही दारांशी येणारा मोठा शत्रू मात्र एकच : मांजा. दिल्लीत पतंग संक्रांतीपेक्षा १५ ऑगस्टला अधिक उडतात. काचेची पूड लावलेला दोरा पंखाचा स्नायू हाडापर्यंत कापतो. २०१७ मध्ये प्रथम दिल्ली शासनाने आणि मग राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या व काचेचा लेप दिलेल्या मांजावर बंदी घातली. बंदी कागदावर आहे, दोरा आकाशात आहे.

काच दोऱ्यावर असते तशी ती भिंतीवरही असते, आणि ही दुसरी काच अधिक गोड दिसणारी, म्हणून अधिक घातक. १९९१ नंतर गुडगाव आणि नोएडा येथे काचेच्या इमारतींचे जे पीक आले, त्यांच्यात समोरचे निंबाचे झाड आणि वरचे आभाळ दोन्ही हुबेहूब उमटतात. पाखराला आरसा कळत नाही. आपल्या घरातील आरशाशी चिमणी तासन्‌तास भांडते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे फक्त चोच झिजते. पण हरियालांचा थवा पूर्ण वेगाने त्या खोट्या झाडाकडे झेपावला तर काय होईल? मान मोडून मेला असे आपण म्हणतो. बहुधा मान मोडलेली नसते, मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. अमेरिकेत डॅनियल क्लेम यांनी १९७० नंतरच्या दशकात या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. तेथे दरवर्षी ३६ ते ९९ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पावसाच्या तोंडाशी रात्री प्रवास करणारा नवरंग पक्षी असा एखाद्या घराच्या व्हरांड्यात बेशुद्ध सापडतो, आणि इतके रंग ल्यालेले पाखरू कोणाचे, कोठून आले, म्हणून घरातली माणसे चकित होतात.

या बाबतीत आपले पूर्वज नकळत शहाणे होते. लाल किल्ल्यातील संगमरवरी जाळी, जुन्या हवेलीतील लहान झरोके, उन्हाळ्यात दारावर सोडलेली वाळ्याची ताटी किंवा बांबूची चिक, यांवर कोणते पाखरू आदळणार? आज पक्षितज्ज्ञ सांगतात की काचेच्या बाहेरच्या बाजूवर दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा रेघा काढाव्यात. म्हणजे जाळीच की ती! ४५ अंशांच्या उन्हात काचेची घरे बांधून मग ती विजेने थंड करण्याचे शहाणपण कोणत्या शास्त्रात बसते, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही. पण तो विषय वेगळ्या भाषणाचा.

असे पाखरू सापडले तर काय करावे, हे सांगून टाकतो, कारण माया असूनही अज्ञानाने ते दगावते. पहिली गोष्ट, चोचीत पाणी घालू नये. बेशुद्ध पक्ष्याच्या श्वासनळीत ते जाते, आणि आपण ज्याला तहान समजलो तो आपणच त्याचा अंत करतो. त्याला हळूच फडक्यात उचलावे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. खोक्याला बारीक छिद्रे पाडावीत, तळाशी मऊ कापड घालावे, झाकण लावावे. अंधार आणि शांतता हेच पहिले औषध. मुलांना दर पाच मिनिटांनी झाकण उघडू देऊ नये. माणसाचा चेहरा हा पाखराला धीर नव्हे, धाक असतो. तासा-दोन तासांनी आतून फडफड ऐकू येऊ लागली तर ठीक. पंख लोंबत असेल, रक्त वाहत असेल किंवा ते मान टाकून पडले असेल, तर वाट न पाहता जाणत्याकडे न्यावे, पारवा असो की घार. आणि वन्य पाखरू घरी ठेवून घेण्याचा मोह कायद्यानेही टाळावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे.

सावध झालेल्या पक्ष्याला सोडावयाचे तर खोके अंगणात न्यावे, झाडाच्या जवळ, खिडकीपासून दूर, आणि झाकण काढून आपण मागे सरावे. काही क्षण ते तसेच बसून राहते. घाई करू नये. त्याला हवेत उडवूनही देऊ नये. ते आपले आपण उठते.