३१ डिसेंबरचा आकडा : आणेवारीपासून पैसेवारीपर्यंत

अमरावती विभागात दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आसपास वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक छोटी बातमी येते. 'जिल्ह्याची खरीप हंगामाची अंतिम पैसेवारी जाहीर.' खाली तालुकावार तक्ता असतो: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा. प्रत्येकापुढे एक आकडा. शहरातला वाचक पान उलटतो. रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या सोयाबीन-तुरीच्या गावात मात्र लोक आधी एवढंच विचारतात, "पन्नासच्या खाली आली का वर?"

आजच्या लेखात या आकड्याचा इतिहास बघू. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांपैकी बरेच जण विज्ञान शाखेतून येतात. सरकारी आकडा म्हणजे तयार डेटा, असं आपल्याला वाटतं. पण प्रत्येक आकड्यामागे तो कोणी, कधी आणि कुठल्या कामासाठी काढायला सुरुवात केली याची एक गोष्ट असते. पैसेवारीची गोष्ट तर शंभर वर्षांहून जुनी आहे.

पैसेवारी म्हणजे नेमकं काय?

गावात या वर्षी एका पिकाचं हेक्टरी किती उत्पन्न आलं, याला त्या पिकाच्या 'प्रमाण उत्पन्ना'ने भागायचं आणि शंभरने गुणायचं. प्रमाण उत्पन्न म्हणजे चांगल्या-सर्वसाधारण वर्षात जेवढं यायला हवं तेवढं. येणाऱ्या उत्तराला पैसे म्हणतात. शंभर पैसे म्हणजे पूर्ण पीक, पन्नास म्हणजे निम्मं.

प्रत्यक्ष उत्पन्न काढायला गावात पीक कापणी प्रयोग होतात. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापतात, मळतात, वजन करतात. या कामासाठी गावपातळीवर समिती असते. तिच्यात महसूल कर्मचारी, ग्रामसेवक, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, शेतकरी प्रतिनिधी असे लोक असतात. आकडा तीन टप्प्यांत ठरतो: आधी नजर अंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, पण तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेतात उभी असते. त्यामुळे या भागात शेवटचा आकडा वर्षाच्या शेवटाला जाऊन टेकतो.

पैसेवारी पन्नासच्या खाली गेली, टंचाई जाहीर झाली, की काही सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषी पंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज असेल तिथे पाण्याचे टँकर, आणि पंपाची वीज न तोडणं. म्हणजे ४९ आणि ५१ या दोन आकड्यांत शेतकऱ्याच्या घरातली बऱ्यापैकी रक्कम अडकलेली असते.

सोळा आण्यांचं पीक

रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा पिकाचा अंदाजही आण्यांत सांगायचे. 'सोळा आणे खरं' असं आपण अजून म्हणतो, तोच हा हिशेब. पीक किती आणे आलंय हे नजरेने ठरवायचं, ही आणेवारी. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले. गावातली म्हातारी माणसं आजही 'आणेवारी'च म्हणतात.

ब्रिटिश सरकारला हा आकडा हवा होता तो शेतसाऱ्यासाठी. वऱ्हाडात आणि मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून रोख वसूल व्हायचा. पीक बुडालं तर सारा तहकूब करायचा की माफ, हे ठरवायला एक मोजपट्टी लागायची. आणेवारी ही ती मोजपट्टी. शेतकऱ्याचं किती नुकसान झालं, हा तिचा मूळ प्रश्न नव्हताच. 'या वर्षी वसुली करता येईल का?' हा तिचा प्रश्न होता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या आकड्यावरून देशातला एक मोठा लढा झाला, १९१८ चा खेडा सत्याग्रह. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अतिपावसाने पीक गेलं होतं. नियम असा की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षाची सारा वसुली पूर्ण तहकूब. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या खाली आहे. सरकारी अंदाज त्याच्या वर होता. भारत सेवक समाजाच्या देवधर, जोशी आणि ठक्कर यांनी तिथे जाऊन पाहणी केली. गांधीजींची मागणी होती की लवाद नेमून पिकाचा निवाडा करा. सरकारने ती मानली नाही. मार्चमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि जूनमध्ये मिटला: ज्यांना शक्य आहे त्यांनी सारा भरावा, गरिबांची वसुली थांबवावी.

खेड्याची गोष्ट आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो. संशोधनाच्या नजरेने वाचली तर ती मोजमापाच्या वादाची गोष्ट दिसते. एकाच शेताकडे बघून दोन बाजूंचे दोन आकडे, आणि ज्याच्याकडे वसुली, त्याच्याचकडे मोजमाप.

नजर की वजन?

नजरेच्या अंदाजावर सरकारी नोकरीतल्याच काहींचा विश्वास नव्हता. अंदाज लावणारा माणूस सावध असतो, मागच्या वर्षीच्या आकड्यापासून फार लांब जात नाही. शिवाय 'नेहमीचं पीक' म्हणजे सोळा आणे की बारा, याबद्दलही प्रांताप्रांतात एकवाक्यता नव्हती.

१९२० च्या दशकात बिहार-ओरिसात जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने भाताच्या शेतांत यादृच्छिक जागा निवडून पीक कापून वजन करायला सुरुवात केली. १९२७ मध्ये त्याचं काम प्रसिद्ध झालं. पुढे महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाच्या पाहण्या केल्या. आणि त्यानंतर दोन मराठी नावं येतात: पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे. १९४० च्या दशकात या दोघांनी कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. १९५४ मधलं त्यांचं कृषी संख्याशास्त्राचं पुस्तक आजही कृषी विद्यापीठांत शिकवतात.

सुखात्म्यांचा १९४६ चा 'नेचर'मधला लेख आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. मुद्दा साधा होता: कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण तुकड्याच्या कडेवर असलेलं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न येतो, आणि माणसाचा हात ते आत धरायकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी एकूण क्षेत्राच्या मानाने कड मोठी, म्हणून चूकही मोठी. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, त्यामुळे दोघांत बराच वाद रंगला.

हा वाद पैसेवारीला लावून बघा. उत्पन्न थोडं जास्त मोजलं गेलं, की पैसेवारी वर सरकते, आणि सवलत जाते. इथे कोणाचा हेतू वाईट असायचीही गरज नाही.

छेद कुठून आला?

समजा (हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत) गावात सोयाबीन हेक्टरी ८ क्विंटल झालं. प्रमाण उत्पन्न १७ धरलं तर पैसेवारी ४७. प्रमाण उत्पन्न १५ धरलं तर ५३. शेतात काहीच बदललं नाही, बदलला तो छेद. प्रमाण उत्पन्न मागच्या काही वर्षांवरून काढलं, आणि त्यातली दोन-तीन वर्षं आधीच वाईट गेलेली असली, तर छेद लहान होतो. म्हणजे सलग वाईट वर्षं आली की वाईट वर्षच 'नेहमीचं' वाटायला लागतं.

आता तूर घ्या. सोयाबीनची पैसेवारी ४७ आणि तुरीची ६५ आहे. क्षेत्राच्या प्रमाणात, ८० आणि २० असा भार दिला तर गावाचा आकडा ५०.६ येतो. घरात पैसा आणणारं मुख्य पीक निम्म्याहून जास्त गेलंय, तरी गाव रेषेच्या वर. सरासरी बरोबर आहे. पण त्या सरासरीने ज्या शेतकऱ्याने तूर पेरलीच नाही, त्याचं काय?

उपग्रह आला, रेषा तशीच राहिली

केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. आता दुष्काळ ठरवताना आधी पावसाची तूट, मग उपग्रहावरून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, जमिनीतला ओलावा, जलसाठे असे निकष बघतात. त्यानंतर तालुक्यातली दहा टक्के गावं निवडून प्रत्यक्ष पाहणी होते. २०१८ आणि २०२३ मध्ये राज्याने याच चौकटीत, दोन्ही वेळा ३१ ऑक्टोबरला, अनुक्रमे १५१ आणि ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

तारखा बघा. दुष्काळाचा निर्णय ऑक्टोबरअखेर, अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर. जो आकडा एके काळी सगळं ठरवायचा, तो आता निर्णयाच्या दोन महिने नंतर येतो. तरी दरवर्षी प्रयोग होतात, तक्ते भरतात, आकडा जाहीर होतो, आणि गावाची नजर त्याच्यावरच असते.

दुसरी अडचण पावसाची. नवी संहिता मुळात पाऊस कमी पडण्यासाठी बनलेली आहे. आपल्या भागात अलीकडे सोयाबीन जातं ते बऱ्याचदा काढणीच्या तोंडावर आलेल्या पावसाने. शेंगा झाडावरच कुजतात, दाण्याला कोंब फुटतात. उपग्रहाला शेत हिरवं दिसतं, पर्जन्यमापकात सरासरी ओलांडलेली असते. 'ओला दुष्काळ' हा शब्द ग्रामसभेच्या ठरावांत आणि आंदोलनांत आहे, संहितेत नाही. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने दुष्काळकाळातल्या सवलती लागू केल्या, पण 'ओला दुष्काळ' असं नाव न देता. पैसेवारीचा इथे एक गुण मान्य करावा लागतो: ती पाऊस मोजत नाही, पोत्यात काय आलं ते मोजते. पीक उन्हाने गेलं का पाण्याने, तिला फरक पडत नाही. खेड्यातही पीक अतिपावसानेच गेलं होतं.

म्हणून पैसेवारी जुनाट आहे, फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की साऱ्याच्या वसुलीसाठी बनलेल्या मोजपट्टीला आपण आज वीजबिल, कर्ज, परीक्षा शुल्क अशी सगळी कामं लावली आहेत. जमीन महसूल आता शेतकऱ्याच्या खर्चात नगण्य उरला, पण एकच कट-रेषा मात्र तशीच चालू आहे. वसुली थांबवायला 'हो किंवा नाही' पुरतं. मदतीला पायऱ्या लागतात.

यावर काम करायचं असेल तर

आधी नकाशा नीट लावा. केनवडच्या बाजूचे जुने कागद शोधताना 'वाशीम जिल्हा' एवढंच शोधून भागत नाही. १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, तेव्हा 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नावाखाली. त्यात बासिम म्हणजे वाशीम हा जिल्हा होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, १९०५ मध्ये बासिम जिल्हा मोडून तो भाग अकोल्यात गेला. १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वाशीम जिल्हा. त्यामुळे १९१० चं गॅझेटियर अकोल्याच्या नावाने आहे. विसाव्या शतकातल्या आणेवारीच्या मागावर निघालात तर अकोला आणि नागपूर दोन्हीकडे बघावं लागेल.

मग एकच गाव घ्या आणि दहा वर्षं. प्रत्येक वर्षाचे तिन्ही टप्प्यांचे आकडे, कापणी प्रयोगांच्या नोंदी, प्रमाण उत्पन्न काय धरलं ते, मंडळाचा पाऊस, आणि त्या हिवाळ्यातल्या ग्रामसभेचे ठराव. माहितीच्या अधिकारात बरंच मिळतं. तिन्ही टप्प्यांत आकडा कुठल्या दिशेने सरकतो, पन्नासच्या आसपास किती वेळा येऊन थांबतो, हे आधी तपासा. खूप गावांचा डेटा असेल तर रेषेच्या लगत, दोन्ही बाजूंना, आकड्यांची गर्दी आहे का ते बघा. गर्दी दिसली तर तिथे मोजमापासोबत आणखी काही चाललंय, आणि तुमचा संशोधन प्रश्न तिथेच आहे.

आणि गावात जाल तेव्हा कापणीचा चौकोन कोणाच्या शेतात आखला होता हे विचारा. विहिरीजवळच्या की माळावरच्या? लोकांना ते वर्षानुवर्षं आठवतं, कारण त्या एका तुकड्यावर अख्ख्या गावाच्या पोरांची परीक्षा फी ठरलेली असते.